उशी म्हणजे गाय

पहिल्याच दिवशी सरांनी आम्हाला सांगितलं, की तुमच्यातल्या एकाच्याही नावाला जपानीत स्वतःचं अक्षर नाही.

शिरूरच्या बाजारपेठेत खताच्या दुकानावर वरच्या मजल्याला एक खोली होती. तिथं सतरंजीवर आम्ही पंधरा-वीस जण बसलो होतो. कुणी आयटीआय केलेलं, कुणी माझ्यासारखं डिप्लोमा झालेलं. भाषा आली की कंपनीत बरी जागा मिळते, नाहीतर थेट जपानलाच जाता येतं, एवढं ऐकून आलेलो. एकानं हौसेनं विचारलं, "सर, आमचं नाव कांजीत कसं लिहायचं?" कांजी म्हणजे ती चित्रासारखी अक्षरं, एकेका अक्षराला एकेक अर्थ. आम्हाला वाटलं, सर फळ्यावर लिहून देतील आणि आपण मोबाईलवर फोटो काढू.

"न्हाई लिहायचं," सर म्हणाले. "ती अक्षरं त्यांच्या मानसांला. बाहेरून आलेल्या वस्तूंला येगळी लिपी हाय. ब्रेड, कॅमेरा, आइस्क्रीम, आन् त्याच वळीत तुम्ही. धा वर्षं ऱ्हावा न्हाईतर ईस, तुमचं नाव त्या लिपीतनं बाहेर येत न्हाई. ज्याला चालंल त्यानं बसावं."

भाषा शिकवणारा माणूस पहिल्याच तासाला असं बोलेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून दोघं आलेच नाहीत. उरलेल्यांची नावं सरांनी विचारलीच नाहीत, गावं विचारली, आणि त्याच नावानं हाक मारायला लागले. मी 'केंदूर'. माझ्या शेजारचा लांबट मुलगा 'तळेगाव', म्हणजे तळेगाव ढमढेऱ्याचा. न्हावऱ्याच्या दोघी बहिणी होत्या, त्या 'थोरलं न्हावरं' आणि 'धाकटं न्हावरं'.

सर तेव्हा साठीच्या आसपास असतील. उंच, काळे, पांढरा पायजमा आणि बारा महिने पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. भर वैशाखात शिरूरच्या डांबरी रस्त्यावरून हा माणूस गोठ्यात घालायचे बूट घालून यायचा. जिन्याच्या तोंडाशी बूट काढायचे आणि टोकं रस्त्याकडे करून ठेवायचे. आमच्या चपलाही तशाच ठेवाव्या लागत. एखाद्याची चप्पल उलटी दिसली, तर सर ती उचलून सरळ खाली रस्त्यावर टाकत. खतवाल्यानं एकदा एक चप्पल युरियाच्या पोत्यावरून परत आणून दिली होती.

वही काढायला बंदी होती. खाली शहाबादी फरशी, प्रत्येकाला एक वाटी पाणी आणि दाढीचा ब्रश. अक्षर पाण्यानं काढायचं. पुरं होईपर्यंत त्याची पहिली रेघ वाळायला लागलेली असायची.

"वाळतंय त्ये बरं हाय," सर म्हणायचे. "कागदावर काढलं की मानूस त्याच्याकडं बघत बसतो."

आधी आडवी रेघ, मग उभी. आधी वरची, मग खालची. हा क्रम चुकला, तर अक्षर हुबेहूब आलं तरी सर पायानं पुसून टाकत. बोलायला तर फार वाईट. "मेंढरू बरं तुझ्यापरीस" ही सगळ्यात सौम्य शिवी. पण त्यांच्या तोंडी मेंढरू ही शिवी कितपत होती, याची मला शंका आहे. त्यांचं घर धनगराचं. आजा कळप घेऊन कोकणात उतरायचा. आता इनामगावजवळ घोडनदीच्या काठाला त्यांचा ऊस होता, आणि थोरल्या भावाच्या, म्हणजे आप्पांच्या हट्टापायी वाड्यात थोडी मेंढरं राखलेली होती. मेंढराची कांजी शिकवायच्या दिवशी सर एकदाही ओरडले नाहीत. 羊. वर दोन शिंगं, खाली अंग. मग त्याच्याखाली त्यांनी 'मोठं' हे अक्षर काढलं. 美.

"मेंढरू आन् मोठं. वाचा."

कुणाला येईना.

"सुंदर," सर म्हणाले. "मोठं मेंढरू म्हंजी सुंदर. ह्ये ज्यानं पयल्यांदा लिहिलं, तो आमच्यातला आसनार."

शब्द शिकवायची त्यांची पद्धत अशी, की तो जन्मभर सुटू नये. "हाय" म्हणजे हो. "अर्धं जपानी तुमच्या आयानी शिकवलंय," म्हणायचे. 'कवा' म्हणजे नदी. 'उशी' म्हणजे गाय. "तिच्यावर डोस्कं ठिवून झोपू नका." आम्ही हसायचो, ते हसायचे नाहीत. सरांना हसताना आम्ही कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

तरुणपणी ते शेती शिकायला म्हणून जपानला गेले होते आणि वीसेक वर्षांपूर्वी एकाएकी परत आले, एवढंच सगळ्यांना ठाऊक. तिकडं उत्तरेला कुठंतरी दुधाच्या गोठ्यावर होते म्हणे. लग्न केलं नाही. आप्पांनी आणलेल्या स्थळांच्या माणसांसमोर ते बूट घालूनच बसत आणि एक शब्द बोलत नसत, त्यामुळं स्थळं यायची बंद झाली. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, तिकडचं काही सांगा ना." त्यांनी माझ्या वाटीतलं पाणी फरशीवर ओतलं आणि म्हणाले, "ह्येच्यात बघ."

अशा माणसाबद्दल आपुलकी वाटावी असं काही नव्हतं. तरी मी दोन परीक्षा होईपर्यंत टिकले, कारण ते शिकवत ते विसरलं जात नसे. तळेगाव तर थेट जपानला गेला, तिकडं एका कारखान्यात लागला. मला रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात जागा मिळाली.

कंपनीतच होते, तेव्हा आप्पांच्या बायकोचा, काकूंचा फोन आला.

"केंदूरची पोरगी का गं तू? भावजींच्या मोबाईलात तसंच लिवलंय." काकू घाईनं सांगत होत्या. "सकाळच्या पारी गोठ्यात पडलं. उजवी बाजू गेलीया. शिरूरच्या दवाखान्यात हाय. शुद्धीवर आल्यात, पर काय बोलत्यात त्ये कुनालाच कळंना. तुमच्यातलं बोलत्यात का बघ गं येऊन."

मी शिफ्ट सोडून गेले. वॉर्डाबाहेर आप्पा भिंतीला टेकून उभे होते. सहा फुटी, मिशीवाला, पंचायतीत चार लोकांना गप्प बसवणारा माणूस. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला वळखतो. हात धरतो. आन् माझ्याशी बोलतो त्यातला एक सबूद माझा न्हाई. सख्खा भाऊ हाय माझा त्यो."

डॉक्टरांनी समजावलं होतं. मेंदूत रक्त साकळलंय. दोन भाषांच्या जणू दोन वाटा असतात, त्यातली एक आत्ता बुजलीय. हळूहळू उघडेल, कदाचित. पण बुजायची ती परक्याची सोडून आईची भाषा कशी बुजली, हे आप्पांना पटत नव्हतं. कुणीतरी 'बाहेरचं' बघायचाही सल्ला देऊन गेलं होतं.

मी आत गेले. सरांनी मला पाहिलं आणि ते हसले.

तो चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. मान किंचित लववून, अतिशय हळू, अदबीच्या आवाजात ते माझ्याशी बोलायला लागले. आम्हाला मेंढरू म्हणणारा, चपला रस्त्यावर फेकणारा माणूस जपानीत असा बोलतो? तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द फुटके, तरी त्यात एक मऊपणा होता. ते भरभर बोलत होते आणि मला चौथा-पाचवा शब्द कळत होता. दोन परीक्षा देऊन माझ्या हातात काय होतं? पाणी, गाय, डोंगर, नदी, आज, उद्या.

"सकाळपास्नं उशी मागत्यात," काकू म्हणाल्या. "दिली तर ढकलून देत्यात." पलंगाखाली तीन उशा पडल्या होत्या.

"काकू, उशी म्हणजे गाय."

काकूंनी हातातली चौथी उशी खाली ठेवली.

मी मोडक्या जपानीत सांगितलं, की गाईंनी खाल्लंय, गाई बऱ्या आहेत. सरांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मग म्हणाले, "सामुई." थंडी वाजतेय. बाहेर ऊन रणरणत होतं. खिडकीबाहेरच्या पांढऱ्या भिंतीकडं बघून म्हणाले, "युकी." बर्फ. ते शिरूरमध्ये नव्हतेच. मी काकूंना घोंगडी आणायला सांगितली.

"आनिक एक," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "सारखं 'हाना, हाना' करत्यात. कुनाला हानायचं? आप्पा इचारून इचारून दमलं. शेजारचा पेशंट घाबरून दुसऱ्या खोलीत गेला."

"हाना," सर लगेच म्हणाले, आणि दाराकडं बघायला लागले.

हाना हा शब्द मला येत होता. हाना म्हणजे फूल. आणखी एक हाना आहे, त्याचा अर्थ नाक. मी त्यांचं नाक पाहिलं, ऑक्सिजनची नळी टोचत असेल म्हणून सिस्टरना नीट करायला लावली. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग आप्पा स्वतः खाली जाऊन झेंडूची फुलं घेऊन आले, पदरात घ्यावीत तशी उपरण्यात घेऊन. सरांनी फुलांकडं पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "चिगाउ," म्हणाले. ते नव्हे. "हाना. हाना."

मला एकदम सुचलं. जेवणाची स्टीलची थाळी होती, ती उलटी करून त्यांच्या छातीशी धरली आणि वाटीत पाणी आणलं. त्यांनी डाव्या हाताचं बोट बुडवलं. रेघा वाकड्या आल्या, पण क्रम चुकला नाही. आधी आडवी. 花. फूल. मी झेंडू दाखवला. त्यांनी नाही म्हणून जोरानं मान हलवली, तळहातानं थाळी पुसली, आणि पुन्हा बोट बुडवून तीन अक्षरं काढली. 私の子.

पहिल्या महिन्यातली अक्षरं ही. कुठलाही नवशिका वाचील.

मी ते दोनदा वाचलं. आप्पा माझ्याकडं बघत होते. "काय लिवलं त्येनं?"

"माझं मूल," मी म्हणाले. "आप्पा, हाना हे नाव आहे. सरांच्या मुलीचं."

आप्पांच्या हातातल्या उपरण्यातली फुलं एकेक करून खाली पडत होती. मग ते बाहेर गेले, नळावर तोंड धुतलं, परत आले आणि खुर्ची ओढून भावाजवळ बसले.

"इचार त्येला, केवढी हाय."

मी विचारलं, "नान्-साई देस् का?" किती वर्षांची?

"सान्-साई," सर म्हणाले, आणि हाताची तीन बोटं वर करून पुन्हा हसले.

"तीन वर्षांची."

आप्पांनी साठीच्या भावाकडं पाहिलं. त्यांनाही उमगलं असावं, की हा ज्या काळात बोलतोय तिथं ती अजून तीनच वर्षांची आहे. मी गावाचं नाव विचारून घेतलं, गोठा कुणाचा तेही विचारलं. सर सगळं सांगत गेले, घाईनं, जणू मला तिकडंच जायचंय आणि वाट चुकू नये.

ते बरं झालं. कारण नंतर जे घडलं त्याची कल्पना आम्हाला नव्हती.

घरी आणल्यावर काही आठवड्यांनी मराठी परत यायला लागली. पहिल्यांदा वाड्यातल्या मेंढरांना घालायची हाळी आली. मग 'आप्पा'. आप्पा त्या दिवशी गावभर साखर वाटत फिरले. मग हळूहळू शिव्यासुद्धा आल्या. पण जसजशी मराठी येत गेली, तसतशी जपानी जात गेली. मी दर रविवारी जायचे. एका रविवारी 'पाणी' आठवलं नाही, पुढच्या रविवारी 'गाय' गेली. शेवटी मी जपानीत नमस्कार केला, तर सर माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"काय म्हनतीस? मराठीत बोल."

मला वाटलं, चिडवतायत. तसं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एक वाट उघडताना दुसरी बुजते. ज्यानं मला प्रत्येक अक्षर शिकवलं, त्याला आता मी म्हणत असलेला एकही शब्द कळत नव्हता.

मुलीचं मात्र त्यांना ठाऊक होतं. मराठीत त्यांनी ते एकदाच सांगितलं, ओसरीवर, आप्पांसमोर. व्हिसाची मुदत संपल्यावर कागदाशिवाय तिथंच राहिले होते. गोठा जिचा, त्या म्हातारीच्या लेकीबरोबर संसार होता, लग्न नोंदवलेलं नव्हतं. एक दिवस दुधाचे कॅन पोचवून सायकलवर परत येताना पोलिसांनी अडवलं. घरी जाऊन सांगूही दिलं नाही, विमानात बसवलं. इथून फोन केला, तो म्हातारीनं घेतला.

"म्हनली, पोरीला सांगितलंय तुजा बाप मेला. आता परत फोन करून तिला दुसऱ्यांदा रडवू नगंस." सर जमिनीकडं बघत होते. "मला त्ये खरं वाटलं."

"मला सांगायचं हुतंस," आप्पा म्हणाले.

"काय सांगू? तुम्ही पोरी दाखवत हुता."

तळेगावला मी सगळं कळवलं होतं. त्यानं सुट्टी काढली, आगगाडी आणि बस करून ते गाव गाठलं. म्हातारी गेली होती. मुलीची आईही दोन वर्षांपूर्वी आजारानं गेली होती. गोठा हानाच चालवत होती. तळेगावनं सांगितलं, की तुमचे वडील जिवंत आहेत. तिनं ऐकून घेतलं, दार लावून घेतलं. तो बसथांब्यावर बसून राहिला. संध्याकाळी ती तिथं आली आणि म्हणाली, मला त्यांना बघायचंय.

रविवारी दुपारी फोन लावायचा ठरला. तोवर आप्पा माझ्याकडून एक वाक्य शिकून घेत होते. या भाषेनं भाऊ पळवला म्हणून तिचा राग करणारा माणूस, उसाला पाणी देता देता एकच वाक्य घोकत होता: "किते कुदासाई." कृपा करून या.

ओसरीवर पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवला. पडद्यावर ती आली. पंचविशीतली, डोक्याला फडकं, मागं गाई. नाक आणि कपाळ सरांचं. काकूंनी तोंडाला पदर लावला.

ती एकच शब्द बोलली. "दोश्ते?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "काय म्हनली?"

"का, असं विचारतेय."

सर बोलायला लागले. मेलेल्या माणसानं कुणाच्या दारात कसं जावं, रोज वाटायचं उद्या फोन करू, उद्या करू, त्या उद्यात पोर मोठी झाली, आता कोणत्या तोंडानं, असं किती वेळ बोलत होते. मी ऐकत होते आणि माझ्याजवळ त्यातल्या कशालाच शब्द नव्हते. शेवटी जे होते तेवढे सांगितले. "भीती वाटली. रोज, उद्या, उद्या."

ती खाली बघत राहिली. ती शांतता आप्पांना सोसली नाही. ते मोबाईलसमोर वाकले, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "कित्ते कुदासाई."

ती चमकली. क्षणभर आमच्याकडं पाहिलं, मान लववली, आणि पडदा काळा झाला.

"काय झालं?" आप्पा म्हणाले.

'किते' म्हणजे या. 'कित्ते' म्हणजे तोडा, फोन बंद करा. आप्पांनी ते शाळेतल्या कित्त्यावरून ध्यानात ठेवलं होतं. मी सांगितलं, तेव्हा आप्पा ओसरीच्या कडेला जाऊन पाठमोरे बसले. सर काळ्या पडद्याकडं बघत होते. मी नंबर लावत होते, लागत नव्हता. माझ्या डोक्यात एवढंच, की वीस वर्षांनी सापडलेली मुलगी आम्ही आमच्याच तोंडानं हाकलली.

मग मोबाईल वाजला. तिनंच केला होता. डोळे लाल होते, आणि तोंडावर हसू की रडू ते ओळखू येत नव्हतं.

"किते, देस् का?" तिनं विचारलं.

"काय म्हनती?" सर म्हणाले.

"सर, ती विचारतेय, त्यांना 'या' म्हणायचं होतं का?"

सरांनी आप्पांच्या पाठीकडं पाहिलं. मग डाव्या हातानं तांब्यासकट मोबाईल जवळ ओढला, आणि मला मध्ये न घेता, सरळ तिलाच म्हणाले,

"ये बाय. तुजंच घर हाय."

मी सांगायला तोंड उघडलं, तोवर तिनं मान डोलावली होती. "हाय," ती म्हणाली.